दोनशे चौदा फॉर्म

प्राचार्य म्हणाले, शुक्रवारपर्यंत सगळे भरून हवेत,
समिती मार्चमध्ये येतेय.
मी म्हटलं, हो सर.
तासिका तत्त्वावरचा माणूस दुसरं काय म्हणणार.

घाटंजीच्या पलीकडे, फाट्यावर आमचं कॉलेज.
रेंज येते ती फक्त सायकल स्टँडमागच्या बाभळीखाली,
म्हणून समाधान मोजायला
बी.ए. भाग दोन अख्खा बाभळीखाली नेला.
काटे चपलेतून वर येत होते.
कोणी तक्रार केली नाही,
तसा प्रश्नही फॉर्ममध्ये नव्हता.

फॉर्म इंग्रजीत. वाचून सांगायचं काम माझं.
एक म्हणजे अतिशय असमाधानी,
पाच म्हणजे अतिशय समाधानी,
तीन म्हणजे मधलं.
प्राजू ढोके म्हणाली,
"सर, समाधानी मंजे पोट भरल्यावानी,
का भूक नसल्यावानी?"

मी भूगोलाचा माणूस.
मला पर्जन्यमापक समजतो,
आणि गच्चीवरचा आमचा तोही माकडांनी पाडला,
तेव्हापासून आम्ही मागच्या सालचे आकडे उतरवतो.
म्हटलं, वाटेल ते टाक.
"वाटते तं लय काही," ती म्हणाली,
आणि मोबाईल वर धरून रेंज शोधायला लागली.

प्रश्न सात : शिक्षक तयारी करून वर्गात येतात का?
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी बाभळीकडे.

प्रश्न अकरा : इंटर्नशिप, स्टुडंट एक्सचेंज.
रोहिदास कुळमेथेनं विचारलं, एक्सचेंज मंजे अदलाबदल?
मंग थे तं झाली ना जी,
भाऊ वावरात रायला, मी कॉलेजात आलो.
हसले सगळे. तोही हसला.
त्यानं पाच टाकले.

प्रश्न चौदा : भौतिक सुविधा.
मुली एकमेकींकडे बघत राहिल्या.
लेडीज रूमची किल्ली बावणे मामांच्या खिशात,
मामा बँकेत,
म्हणून सकाळपासून कोणी पाणी पीत नाही,
हे मला त्या दिवशी कळलं, आठव्या वर्षी.
तरी ज्योत्स्ना मुनेश्वरनं चार टाकले.
काहून?
ती हळूच म्हणाली,
"एक टाकला आन कॉलेजच बंद केलं तं?
दुसरं अठ्ठावीस किलोमीटर हाये सर.
बाबा म्हणतीन, झालं तेवढं बस."
नंतर थोडं थांबून तिनं चाराचे पाच केले.

गुरुवारी संध्याकाळी दोनशे तेरा.
राहिली सदतीस नंबर, उमलता गेडाम,
दिवाळीपासून गैरहजर.
फोन लागला तो आदिलाबादला, सासरी.
मागे कुकरच्या शिट्ट्या, कोणीतरी तेलुगूत ओरडत होतं.
मी म्हटलं, दोन मिनिटं लागतील.
एकेक प्रश्न वाचत गेलो,
ती नुसती हं, हं करत होती
परीक्षेला डिक्टेशन घेतल्यासारखी.
"थो लायब्ररीचा परत वाचा ना, सर."
वाचला.
"पंख्याखालची खुर्ची हाये का अजून?
तिचा एक पाय हालत होता.
मी पुठ्ठा लावला होता."
आकडा किती टाकू, विचारलं,
तेवढ्यात फोन कटला.
पुन्हा लावला नाही.
खाली लायब्ररीत गेलो. पुठ्ठा होता.

सरासरी आली चार पूर्णांक एकतीस.
प्राचार्यांनी तक्ता रंगीत छापायला सांगितला,
दर्शनी भिंतीसाठी, लॅमिनेशन करून.
शेवटी सूचनांचा रकाना :
काही नाही. काही नाही. नेट पाहिजे.
शेवटच्या तासाले बस सुटते.
काही नाही.
आणि नाव न लिहिता कोणीतरी,
भुगोलच्या सरले परमनंट करा.

आधी भु दीर्घ केला,
मग ओळच काढून टाकली.